तुम्ही एकदाच वाजवता, तो रोज ऐकतो

शहराजवळच्या कुठल्याही गाजलेल्या डोंगरावर सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता गेलात की एक दृश्य हमखास दिसतं. वाटेच्या एका वळणावर पाच-सहा जण थांबलेले, दोघांच्या गळ्यात दुर्बीण, बाकीच्यांच्या हातात हातभर लांब लेन्स, आणि एकाच्या खिशातल्या छोट्या स्पीकरमधून पक्ष्याचा आवाज येतोय. मिनिटभरात खरा पक्षी समोरच्या फांदीवर येऊन बसतो, पंख थरथरवतो, मान ताणून ओरडतो, या फांदीवरून त्या फांदीवर करत राहतो. धडाधड फोटो निघतात, सगळे खूश, मंडळी पुढे जातात. पंधरा मिनिटांनी दुसरा ग्रुप त्याच वळणावर येतो आणि परत तोच आवाज सुरू होतो.

हे मी लांबून बघून लिहीत नाहीये, मी पण वाजवलेलं आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं फोनमध्ये आवाज भरून फिरायचो आणि पक्षी जवळ आला की भारी वाटायचं, आम्ही त्याला 'रिस्पॉन्स' म्हणायचो. तो रिस्पॉन्स म्हणजे काय हे खूप उशिरा कळलं. आपल्या घरात कुणीतरी घुसलंय असं समजून त्याला हाकलायला आलेला घाबरलेला, चिडलेला नर होता तो, आणि आम्ही म्हणत होतो बघा किती छान पोझ देतोय. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

तर माझं म्हणणं असं आहे. गर्दीच्या डोंगरावर पक्ष्यांचे आवाज वाजवणं आणि आमिष टाकून त्यांना बोलावणं पूर्ण बंद झालं पाहिजे, विणीच्या हंगामात तिथल्या काही वाटा सगळ्यांसाठीच बंद ठेवल्या पाहिजेत, आणि याची सुरुवात आपण पक्षी बघणाऱ्यांनी स्वतःपासून केली पाहिजे, ट्रेकर आणि जॉगर लोकांना शहाणपण शिकवायच्या आधी. लांबच्या जंगलात, जिथे वर्षभरात चार माणसं फिरकतात, तिथे कुणी अर्धा मिनिट वाजवलं तर चालेल का यावर हवा तेवढा वाद घालू, पण शहराजवळच्या डोंगराचा हिशोबच वेगळा आहे, कारण तिथे माणसं रोज बदलतात आणि पक्षी तोच असतो.

हा हिशोब जरा नीट मांडतो, कारण सगळं त्यावरच आहे. विणीच्या दिवसात छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांची जोडी एक ठरावीक हद्द धरून राहते, बऱ्याच जातींमध्ये ती एखाद-दोन हेक्टरची असते, म्हणजे तुमच्या वाटेचं एक वळण, एक ओढा, त्याच्या काठची झुडपं, झालं. नराचं गाणं ही त्या हद्दीची पाटी असते, इथे मी आहे, ही जागा माझी. आता समजा त्या वळणावर सकाळच्या चार तासात पंधरा बर्डर, म्हणजे पक्षी बघणारे, आले आणि प्रत्येकाने फक्त दोनच मिनिटं वाजवलं, प्रत्येकजण अगदी प्रामाणिकपणे म्हणणार की मी फार त्रास दिला नाही. पण पक्ष्याच्या बाजूने मोजा. अर्धा तास झाला, तो पण पहाटेचा. दहा-बारा ग्रॅमच्या पक्ष्याने रात्रभर अंगातली चरबी जाळून थंडी काढलेली असते, त्याला सकाळी आधी खायला शोधायचं असतं, गायचं असतं, जोडीदारीणीवर आणि घरट्यावर लक्ष ठेवायचं असतं, आणि त्याच वेळात तो एका न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतोय जो कधी सापडतच नाही आणि कधी निघूनही जात नाही. परत पुढच्या रविवारी तेच.

'दोन मिनिटांनी काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कॅनडात चिकडी नावाचा काळ्या टोपीचा छोटासा पक्षी असतो, त्याच्या नरांमध्ये उतरंड असते, वरच्या दर्जाचे आणि खालच्या दर्जाचे, आणि माद्या नरांची गाण्यातली भांडणं कान देऊन ऐकत असतात. संशोधकांनी काही वरच्या दर्जाच्या नरांना स्पीकरवरून असा घुसखोर ऐकवला जो त्यांना दबत नाही, उलट अंगावर येतो. किती वेळ? साधारण ६ मिनिटं. नंतर पिल्लांची आनुवंशिक तपासणी केली तेव्हा दिसलं की या 'हरलेल्या' नरांच्या घरट्यात परक्या नरांची पिल्लं असण्याचं प्रमाण वाढलं होतं. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे शेजारणीनी ऐकलं, जोडीदारणीनी ऐकलं, आणि नर एका मशीनशी हरला म्हणून त्याचं सगळं वर्ष बदललं. आपण वाजवतो तेव्हा झाडीत अजून कोण कोण ऐकतंय हे आपल्याला दिसत नाही, आणि फोटो काढून पुढे गेल्यावर त्याच्या संसारात काय झालं हे तर कधीच कळत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की पक्ष्यांना सवय होते. हो, काहींना होते. २०१३ मध्ये इक्वेडोरमधला एक अभ्यास आला, त्यात बर्डर वाजवतात तसेच आवाज दोन जातींना ऐकवले होते, सुरुवातीला दोन्ही जाती नेहमीपेक्षा खूप जास्त ओरडल्या, पण रोज रोज वाजवल्यावर त्यातल्या रेन नावाच्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांनी हळूहळू लक्ष देणं कमी केलं. लोक हा मुद्दा आपल्या बाजूने वापरतात. मला तो उलटा दिसतो. घुसखोराच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकलेला नर खरा घुसखोर आला तर काय करेल? आणि सवय व्हायच्या आधीचे दिवस कुणाच्या खात्यात टाकायचे? वर सगळ्याच जातींना सवय होते असं कुठे आहे, आणि जिला होत नाही ती जात त्या वाटेवरून गुपचूप निघून जाते, तिची तक्रार कुठे नोंदली जात नाही, आपल्या यादीत फक्त एक नाव कमी होतं आणि आपण म्हणतो या वर्षी तो दिसला नाही बुवा.

न उडालेला पक्षी म्हणजे निवांत पक्षी, हा पण असाच एक मोठा गैरसमज. कॅनडातच ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर साँग स्पॅरो या चिमणीसारख्या पक्ष्यावर एक प्रयोग झाला होता, २०११ चा. घरट्यांभोवती जाळी आणि विजेचं कुंपण घालून शिकारी प्राणी पूर्ण रोखले, आणि मग काही ठिकाणी हंगामभर फक्त शिकाऱ्यांचे आवाज ऐकवले. कुणीही कुणाला खाल्लं नाही, तरी आवाजाच्या भीतीने वर्षभरात जगलेली पिल्लं ४० टक्क्यांनी कमी झाली. अंडी कमी घातली, कमी उबली, जन्मलेली पिल्लं जास्त मेली. नुसत्या भीतीने. म्हणून कुणी घुबडाचा आवाज वाजवून छोट्या पक्ष्यांना झुडपातून बाहेर काढतं तेव्हा मला आता तिथे उभं राहवत नाही, कारण ही युक्ती चालतेच मुळी पक्ष्यांना जिवाची भीती वाटते म्हणून.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला मान्य करावा लागतो. डोंगरावर मोठमोठ्याने बोलत जाणारे लोक, गाणी लावणारे, कुत्री घेऊन येणारे, हे सगळं सोडून बिचाऱ्या पक्षी बघणाऱ्यांनाच का धरताय? बरोबर आहे, त्यांचा त्रास खरा आहे आणि मोजलेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये माणसांची ये-जा नसलेल्या जंगलात मुद्दाम हलकी वर्दळ करून बघितली, तर पक्ष्यांच्या हद्दी सुमारे १५ टक्के कमी झाल्या आणि जातींची संख्याही तेवढीच घटली, २०१७ मधला अभ्यास आहे हा. सिडनीच्या कडेच्या जंगलात तर नुसतं पट्टा बांधलेलं कुत्रं फिरवलं तरी पक्ष्यांची संख्या ४१ टक्के आणि जातींची विविधता ३५ टक्के खाली आली, आणि हे सोडलेलं कुत्रं नव्हे बरं का, बांधलेलं. तेव्हा कुत्र्यांसाठी, स्पीकरसाठी नियम पाहिजेतच, त्यात वादच नाही.

पण बोलत जाणारा माणूस वाटेवरून जातो आणि पुढे निघून जातो. आपण थांबतो. वाट सोडून आत शिरतो, नेमका जिथे पक्षी आहे तिथेच, नेमका विणीच्या दिवसात कारण तेव्हा रंग चांगले असतात, नेमके पहाटे कारण तेव्हा तो गातो. जॉगरला माहीतच नाही की त्या झुडपात घरटं आहे. आपल्याला माहीत असतं. ज्याला माहीत आहे त्याच्यावर जबाबदारी जास्त येते, आणि शिवाय ज्याच्या खिशात स्पीकर आहे त्याने दुसऱ्याला स्पीकर बंद कर म्हणायचं कुठल्या तोंडाने? अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या आचारसंहितेत आवाज वाजवण्याबद्दल बोलताना जास्त बर्डर येतात अशा जागांचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे गर्दीने हिशोब बदलतो हे या छंदातल्या जुन्या लोकांनी कधीच ओळखलं होतं. आपण ती ओळ वाचून पुढे गेलो एवढंच.

लोकेशनचंही तसंच. घुबड दिवसा एका ठरावीक झाडावर झोपतं, त्याचा फोटो आणि झाडाची खूण शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर पडली की रविवारी सकाळी झाडाखाली रांग असते. कुणीतरी फांदी हलवतो, कुणी टाळी वाजवतो डोळे उघडावेत म्हणून, घुबड उडतं, आणि दिवसाउजेडी उडालेलं घुबड दिसलं की कावळे आणि बाकीचे पक्षी त्याच्या मागे लागतात. दोन-तीन वेळा असं झालं की ते झाड सोडतं. जगभरचे लोक आपण बघितलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जिथे टाकतात त्या, २००२ पासून चालू असलेल्या ईबर्ड या वेबसाइटने संवेदनशील जातींच्या नेमक्या नोंदी सगळ्यांना दिसणार नाहीत अशी सोय केलेली आहे, एवढा मोठा डेटा गोळा करणाऱ्यांना हे करता येतं तर आपल्या दोनशे जणांच्या ग्रुपला का नाही? घुबडाची आणि घरट्याची जागा सांगायचीच नाही, फोटो टाकायचा तर पिल्लं उडून गेल्यावर टाकायचा. आणि घरट्याचा क्लोजअप तर नकोच. तो फोटो काढायला पानं बाजूला केलेली असतात, बांधलेली असतात, कधी तोडलेली असतात, आणि आडोसा गेला की ते घरटं आपल्याला दिसतं तसंच कावळ्याला पण दिसतं.

आमिषाबद्दल फार लिहीत नाही. अळ्या टाकून एकाच फांदीवर पक्षी परत परत आणायचा, फांदी पण आपणच रोवलेली, हा स्टुडिओ झाला. तो पक्षी माणूस दिसला की खायला मिळतं हे शिकतो, आणि गर्दीच्या डोंगरावर प्रत्येक माणूस चांगलाच असेल याची खात्री कोण देणार?

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस डोंगर बंद करा म्हणतोय. अजिबात नाही, उलट मला हे डोंगर लांबच्या अभयारण्यांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. बहुतेकांचा पहिला गरुड, पहिलं घुबड, पहिल्यांदा दुर्बिणीतून बघितलेला साधा बुलबुल पण अशाच डोंगरावर दिसतो, जिथे बसने जाता येतं, मोठी रजा काढावी लागत नाही. टोकियोजवळचा ताकाओ डोंगर जेमतेम ५९९ मीटरचा आहे आणि वर्षाला २५ लाखांवर लोक तिथे जातात, त्यातल्या हजारात एकाला जरी पक्ष्यांची गोडी लागली तरी केवढी माणसं होतात बघा. अशा जागेला कुंपण घातलं तर पक्ष्यांच्या बाजूने बोलणारी माणसं येणार कुठून.

आणि माणसांच्या येण्याने डोंगर वाचल्याचं उदाहरण आहेच की. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन आहे. शरद ऋतूत त्या डोंगररांगेवरून शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात, कारण वारा उतारावर आपटून वर चढतो आणि त्या वाऱ्यावर पंख न हलवता कितीतरी अंतर कापता येतं. नेमकं त्यामुळेच ते कड्याच्या अगदी जवळून जायचे आणि बंदुकवाले तिथे ओळीने बसून त्यांना पाडायचे, मजा म्हणून, मेलेल्या पक्ष्यांचे ढीग लागायचे. १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला, राखणदार नेमला आणि शिकार बंद केली. त्याच कड्यावर मग लोक दुर्बिणी घेऊन बसायला लागले आणि येणारा-जाणारा प्रत्येक पक्षी मोजायला लागले. गरुडांमध्ये तरुण पक्षी कमी दिसतायत हे त्या मोजणीतून पुढे आलं आणि डीडीटी या कीटकनाशकामुळे काय नुकसान होतंय हे दाखवायला त्या नोंदी उपयोगी पडल्या. त्या लोकांनी पक्ष्यांना बोलावलं नव्हतं. पक्षी त्यांच्या वाटेने जात होते, माणसं गप्प बसून मोजत होती.

वाटा बंद ठेवणं लोक मानणार नाहीत असं पण म्हटलं जातं. मानतात. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात बहिरी ससाणे घरटी करतात त्या कड्यांवरचे चढाईचे मार्ग दरवर्षी विणीच्या महिन्यांत बंद असतात, साधारण १ मार्च ते १५ जुलै, आणि जगभरातून तिथे चढायला येणारे लोक ते पाळतात. डीडीटीच्या काळात तिथून नाहीसा झालेला हा ससाणा १९७८ मध्ये एल कॅपिटनच्या कड्यावर पुन्हा घरटं करताना सापडला तो गिर्यारोहकांनाच, त्यांनीच ते कळवलं. बरं ते तरी शहरापासून लांब आहे म्हणाल, तर दक्षिण कोरियाची राजधानी सोलचा बुखानसान डोंगर घ्या. १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान, सुमारे ८० चौरस किलोमीटर, एक कोटीच्या शहराला अगदी चिकटून, आणि एवढ्याशा जागेत इतकी माणसं येतात की जगात सगळ्यात दाट गर्दीचं राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची नोंद झाली. कोरियाने १९९१ पासून आपल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये झिजलेल्या वाटांना सक्तीची विश्रांती द्यायला सुरुवात केली, ती वाट काही वर्षं बंद, बाकीच्या चालू. लोकांनी डोंगरावर जाणं सोडलं नाही, दुसऱ्या वाटेने गेले.

असंच आपल्याला करता येईल. पूर्ण डोंगर बंद करायची गरज नाही, ज्या दोन-तीन वळणांवर, ओढ्यांवर, कड्यांखाली दरवर्षी घरटी होतात तेवढाच तुकडा तीन-चार महिने मोकळा सोडायचा. आणि कुठला तुकडा हे सांगू कोण शकतो? आपणच, वर्षानुवर्षांच्या नोंदी आपल्याकडे पडून आहेत. आत्तापर्यंत त्या नोंदी आपण पक्ष्याच्या जवळ जायला वापरल्या, आता लांब राहायला वापरू. वन खात्याची पाटी लागायची वाट बघायची काय गरज आहे, पाटी लागेल तेव्हा लागेल.

पैसे घेऊन बर्डिंगच्या सहली नेणाऱ्यांची अडचण मला समजते. लोकांना पक्षी 'मिळाला' पाहिजे असतो, नाही मिळाला तर ते दुसऱ्याबरोबर जातात, आणि दुसरा वाजवतो. एकट्याने सोडून होणारी गोष्ट नाही ही. त्यामुळे एका डोंगरावर सहली नेणाऱ्या सगळ्यांनी एकत्र ठरवायला पाहिजे, आणि आपण जाणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी विचारायला पाहिजे, तुम्ही वाजवता का? वाजवत असाल तर मी येणार नाही. दहा जणांनी असं विचारलं की सहलीच्या मेसेजमध्येच लिहून यायला लागेल.

मी वाजवणं सोडलं त्या वर्षी माझ्या याद्या छोट्या झाल्या, हे खरं आहे आणि त्याचा त्रास पण झाला. मग एका सकाळी वाटेच्या कडेला दगडावर नुसता बसून राहिलो होतो, अर्धा-पाऊण तास झाला असेल, काही नाही, दोनदा वाटलं उठावं. आणि मग समोरच्या झुडपातून एक नर आला, तोंडात हिरवी अळी, इकडे तिकडे बघितलं, माझ्याकडे पण बघितलं, आणि खाली उतरून पानांमागे गेला, परत आला तेव्हा चोच रिकामी होती. थोड्या वेळाने मादी आली, परत तो आला, वीस मिनिटांत पाच फेऱ्या मोजल्या मी. एवढी वर्षं त्या जातीचे पंख फुलवलेले, चोच उघडलेले कितीतरी फोटो काढले होते, पण तो दिवसभर काय करतो हे त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. तेवढ्यात खालून बोलण्याचे आवाज आले, एक ग्रुप वर येत होता, मी उठून थोडा पुढे गेलो आणि मोठ्या वाटेवर जाऊन उभा राहिलो, म्हणजे मी काय बघतोय असं विचारत ते त्या झुडपापाशी थांबायला नकोत.